शेजाऱ्याच्या नावाचा काटा

१७९५ साली अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्याच्या विधिमंडळाने एका काटेरी रानरोपाविरुद्ध कायदा केला. व्हरमाँट संघराज्यात सामील होऊन तेव्हा जेमतेम चार वर्षे झाली होती. जंगल तोडून जमीन मोकळी करण्याचे काम अजून चालूच होते, आणि अशा वेळी कायदे करणाऱ्यांना एका तणासाठी वेळ काढावा लागला. त्या तणाने शेतकऱ्याला किती जेरीला आणले असेल, याचा अंदाज यावरूनच करावा. कायद्यात त्याचे नाव होते कॅनडा थिसल. १८३१ मध्ये शेजारच्या न्यू यॉर्कने तसाच कायदा केला आणि पुढे एकामागून एक राज्ये त्याच वाटेने गेली. सव्वादोनशे वर्षे उलटली तरी अमेरिकेच्या कृषिखात्याच्या कागदांत, बियाणे तपासणीच्या याद्यांत आणि शेतकऱ्यांच्या तोंडी आजही तेच नाव आहे.

ते नाव खोटे आहे. ही वनस्पती कॅनडाची नाही. उत्तर अमेरिकेच्या कुठल्याच भूमीची नाही. तिचे माहेर आग्नेय युरोपात आणि भूमध्य समुद्राच्या पूर्वेकडच्या मुलखात. धान्याच्या शेतीबरोबर ती सबंध युरोपभर पसरली. इंग्रज शेतकरी तिला सरपटणारा थिसल म्हणत, शेतातला थिसल म्हणत, आणि फारच त्रागा झाला की शापित थिसल म्हणत. बायबलच्या पहिल्याच पुस्तकात आदमाला मिळालेल्या शापात काट्याकुट्यांचा उल्लेख आहे. त्या शापाचा अर्थ युरोपातल्या शेतकऱ्याला कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. १७५३ मध्ये लिनियसने तिला शास्त्रीय नाव दिले तेव्हा त्यात 'आर्वेन्सिस' हा शब्द घातला. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ नांगरटीच्या रानातली. आज ती 'सर्सियम आर्वेन्स' या नावाने ओळखली जाते, आणि तो शब्द त्यात टिकून आहे. तिला मिळालेल्या सगळ्या नावांत हेच मला सर्वांत प्रामाणिक वाटते, कारण ती कुठल्या देशाची आहे याबद्दल ते काही बोलत नाही. ती माणसाच्या नांगरामागून चालते एवढेच सांगते.

हे रोप दिसायला देखणे आहे. कमरेइतके, कधी छातीइतके वाढते. पानांच्या कडा लाटेसारख्या दुमडलेल्या आणि प्रत्येक वळणावर काटा. शेंड्याकडे फिकट जांभळी, बोटाच्या पेराहून लहान अशी फुलांची बोंडे झुबक्यांनी येतात. त्यांना मधासारखा गोड वास असतो आणि भर उन्हाळ्यात त्यांच्यावर मधमाश्यांची झुंबड असते. पण खरा थिसल दिसतो त्यात नसतो. तो जमिनीखाली असतो. त्याची पांढरी, ठिसूळ मुळे आडवी धावतात, एका हंगामात कित्येक मीटर. काही मुळे सरळ खाली जातात, माणूस उभा पुरता येईल त्याहूनही खोल. या मुळांवर ठिकठिकाणी डोळे असतात आणि त्या डोळ्यांतून नवे कोंब वर येतात. कुरणात जिथे शंभर रोपे उभी दिसतात तिथे बहुधा एकच झाड असते. नांगर फिरवला की मुळांचे तुकडे होतात, आणि बोटाच्या पेराएवढा तुकडाही पुन्हा उगवतो. ज्या शेतकऱ्याने संतापून दोनदा नांगरट केली, त्याने आपल्याच हाताने थिसलची लावणी केली. आपल्याकडे काळ्या रानात कुंद्याने किंवा हराळीने ज्याला छळले आहे, त्याला हे वेगळे सांगायला नको.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. या थिसलमध्ये नर झाड वेगळे आणि मादी झाड वेगळे असते. मुळांवरून पसरलेला सबंध ताटवा नराचा असेल तर त्यात बी जवळजवळ धरतच नाही. मादीचा ताटवा असेल आणि आसपास नर नसेल तरी तेच. शिवाय बी आणि तिच्या टोकाचे पांढरे केस यांचा जोड फार नाजूक असतो. वारा सुटला की केसांचा पिसारा तुटून उडतो आणि बी पुष्कळदा बोंडातच राहते. ऑगस्टच्या दुपारी कुरणावरून तरंगत जाणाऱ्या त्या म्हाताऱ्यांकडे बघून शेतकऱ्याच्या पोटात गोळा यायचा, पण त्यांतल्या बऱ्याचशा रिकाम्या असत. वारा या झाडाला थोडे दूर नेतो. समुद्रापार नेत नाही, एका देशातून दुसऱ्या देशात नेत नाही. ते काम दुसऱ्याच कोणी केले.

कोणी केले, हे जाणकार फार पूर्वीपासून सांगत आले आहेत. सतराव्या शतकाच्या आरंभी फ्रेंच वसाहतकार सेंट लॉरेन्स नदीच्या काठी वसले. क्वेबेकची स्थापना १६०८ ची. त्यांच्याबरोबर युरोपातले बियाणे आले, आणि बियाण्यात मिसळलेला थिसलही आला असे मानले जाते. त्याच सुमारास दक्षिणेला न्यू इंग्लंडमध्ये इंग्रज वसाहतकार उतरत होते. त्यांचेही बियाणे युरोपातलेच, आणि तेही तितकेच अस्वच्छ. म्हणजे हे तण उत्तरेतून जसे आले तसे इंग्रज वसाहतींच्या स्वतःच्या गलबतांतूनही आले. दोन्ही बाजूंनी ते पेरले, पण नाव मात्र एकाच बाजूचे लागले.

का लागले, हे समजून घ्यायचे तर १७९५ च्या व्हरमाँटमध्ये उभे राहून उत्तरेकडे बघावे लागेल. इंग्लंडशी झालेले स्वातंत्र्ययुद्ध संपून बारा वर्षे झाली होती, पण उत्तर सीमेवरची काही ठाणी ब्रिटिशांनी सोडली नव्हती. लेक शाम्प्लेनच्या काठी, व्हरमाँटच्या दारातच, ब्रिटिश सैनिक १७९६ पर्यंत बसून होते. याच तळ्याच्या वाटेने १७७७ मध्ये जनरल बर्गॉइनची फौज कॅनडातून खाली उतरली होती. साराटोगाला त्या फौजेने शरणागती पत्करली. पुढे अशी कथा रूढ झाली की बर्गॉइनच्या घोड्यांसाठी आणलेल्या गवतातून थिसलचे बी आले. कथेला पुरावा नव्हता, पण तिची गरज होती. शत्रू हरला, परत गेला, आणि जाताना जमिनीत काटा पेरून गेला, हे ऐकायला पटण्यासारखे होते. त्याच युद्धात इंग्रजांनी जर्मनीच्या हेस प्रांतातून भाडोत्री सैनिक आणले होते. त्याच सुमारास गव्हावर एक घातक माशी दिसू लागली, आणि अमेरिकनांनी तिचे नाव हेसियन माशी ठेवले. तेही नाव अजून टिकून आहे.

तेव्हा कॅनडा थिसल हे वनस्पतीचे वर्णन नव्हतेच. ती फिर्याद होती. ज्या दिशेने भीती येत होती त्या दिशेचे नाव तणाला मिळाले.

हा दोष एकट्या अमेरिकनांचा नाही. नेमके हेच झाड न्यूझीलंडमध्ये आणि टास्मानियात पोहोचले, तेव्हा तिथल्या लोकांनी त्याला कॅलिफोर्नियन थिसल हे नाव दिले. अमेरिकनांनी बोट कॅनडाकडे दाखवले. न्यूझीलंडच्या शेतकऱ्याने अमेरिकेकडे. झाड तेच, युरोपातलेच, आणि न्यूझीलंडचे वसाहतकारही युरोपातूनच आलेले. १८७० च्या दशकात दक्षिण डकोटात अळशीच्या बियाण्यातून एक गोल गोल लोळत जाणारे काटेरी झुडूप आले. बियाणे रशियन स्थलांतरितांच्या गावांतले, म्हणून ते रशियन थिसल झाले. ते थिसलच्या कुळातले नाही. ते आपल्या चाकवताच्या गोतावळ्यातले आहे. आपल्या वैद्यकातही हे घडले आहे. सोळाव्या शतकात भावमिश्राने 'भावप्रकाश' लिहिला त्यात एका नव्या गुप्तरोगाला फिरंग रोग म्हटले, तर युरोपात त्याच रोगाला कोणी फ्रेंचांचा म्हणत होते, कोणी नेपल्सचा.

स्कॉटलंडची तऱ्हा याच्या उलट. त्या देशाने थिसलच्याच एका भावंडाला आपले राष्ट्रचिन्ह केले, १६८७ मध्ये त्याच्या नावाने सरदारांचा मानाचा पंथ स्थापला. पुढे स्कॉच थिसल नावाने ओळखले जाणारे झाड ऑस्ट्रेलियात माजले आणि १८५१ मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियाला त्याचा फैलाव रोखण्यासाठी कायदा करावा लागला. एका किनाऱ्यावरचा मान दुसऱ्या किनाऱ्यावर गुन्हा ठरला.

कॅनडाने या नावाचे काय केले? फ्रेंच भाषिकांनी ते फारसे स्वीकारले नाही. ते या झाडाला सहसा शेतातला थिसल म्हणतात, लिनियसने म्हटले तसेच. इंग्रजी भाषिक कॅनडाने मात्र ते मुकाट्याने घेतले. १८६५ मध्ये तिथल्या विधिमंडळाने वरच्या कॅनडात, म्हणजे आजच्या ओंटारिओत, या तणाचा फैलाव थांबवण्यासाठी कायदा केला, तेव्हा कायद्याच्या मथळ्यात कॅनडा थिसल असेच लिहिले. शेजाऱ्याने केलेला आरोप एका देशाने स्वतःच्या कायद्यात उतरवून घेतला. नाव एकदा रुळले की ते कोणी, कधी आणि कोणत्या रागातून दिले हे माणसे विसरतात. आरोप तेवढा शिल्लक राहतो.

नावात काय आहे, म्हणून हा विषय सोडून देता आला असता. तण काढायचेच आहे, मग त्याला कॅनडाचे म्हणा नाही तर चंद्रावरचे. पण नावाने एक फार मोठे काम बिघडवले असे मला वाटते. ते कसे, ते त्या कायद्यांतच दिसते.

या जुन्या कायद्यांचा रोख प्रामुख्याने जमीन कसणाऱ्यावर होता. फुलोरा येऊन बी धरण्याआधी थिसल काप, नाही तर दंड भर. गावचा रस्ते-पाहणीस नोटीस देई, ऐकले नाही तर माणसे लावून कापणी होई आणि खर्च मालकाकडून वसूल होई. हे चूक नव्हते. शेजारच्या रानातल्या आळसाची शिक्षा कष्टाळू माणसाला होऊ नये, एवढा न्याय त्यात होता. शेतकऱ्यांचा अनुभवही या कापणीमागे होता. इंग्लंडच्या खेड्यांत जुनी समजूत होती की मे-जूनमध्ये कापलेला थिसल जोमाने परत येतो, जुलैत कापला तर मरतो. आज वनस्पतिशास्त्र त्याचे कारण सांगते: कळ्या धरतात तेव्हा मुळांतला अन्नसाठा सर्वांत कमी झालेला असतो, त्या वेळी वरचा भाग गेला की मुळांना सावरणे कठीण जाते. खेड्यातल्या माणसाला हे बघून-बघून कळले होते.

पण थिसल मुळात कुठल्या वाटेने आला, याकडे हे कायदे जेमतेम बघत होते. काही कायद्यांत थिसल मिसळलेले बी जाणूनबुजून विकणाऱ्याला दंड होता. पण जाणूनबुजून हे सिद्ध कोण करणार? बी तपासायची सोयच नव्हती. शेतकरी व्यापाऱ्याकडून तिपतिया गवताचे बी विकत घेई, कुरणासाठी. त्या पोत्यात काय काय आहे हे विकणाऱ्यालाही माहीत नसे, आणि ज्याला माहीत असे तो सांगत नसे.

त्या पोत्यांत काय असे, हे पहिल्यांदा नीट मोजले ते सॅक्सनीतल्या थारांट गावच्या एका प्राध्यापकाने. फ्रीडरिश नोब्बे त्यांचे नाव. १८६९ मध्ये त्यांनी तिथे बियाणे तपासणारी जगातली पहिली प्रयोगशाळा सुरू केली. कुरणाच्या गवताचे म्हणून विकले जाणारे बी त्यांच्याकडे तपासायला आले आणि त्याचा बराच मोठा भाग भलत्याच झाडांचा निघाला. मग ते बाजारातले नमुने गोळा करत सुटले. जुने, मेलेले बी नव्यात मिसळलेले सापडले. तिपतियाच्या बियांच्या मापाचे आणि रंगाचे केलेले दगडाचे कण सापडले. असे खडे रंगवून विकण्याचा रीतसर धंदा त्या काळी युरोपात चालत असे. ज्याने आयुष्यात एकदा तरी दुकानातले बी विश्वासाने मातीत टाकले आहे, त्याने हे वाचून संतापावे अशीच गोष्ट आहे. नोब्बे यांनी १८७६ मध्ये बीजशास्त्राचा मोठा ग्रंथ लिहिला आणि त्यांच्या प्रयोगशाळेच्या धर्तीवर युरोपात आणि अमेरिकेत प्रयोगशाळा निघाल्या. ब्रिटननेही त्याच १८६९ साली बियाण्यातल्या भेसळीविरुद्ध कायदा केला होता.

आता साले शेजारी शेजारी ठेवून बघा. कॅनडा थिसलविरुद्ध व्हरमाँटचा कायदा १७९५ चा. कॅनडाचा बियाणे नियंत्रण कायदा १९०५ चा. परदेशातून येणाऱ्या बियाण्यातील तणबियांवर अमेरिकेने बंधन घातले १९१२ मध्ये, आणि राज्याराज्यांतून जाणाऱ्या बियाण्याच्या पोत्यावर तणबियांची माहिती देणे सक्तीचे करणारा संघराज्याचा कायदा आला १९३९ मध्ये. शेतकऱ्याच्या हाती कोयता देणारा कायदा पहिला आणि व्यापाऱ्याच्या पोत्यात डोकावणारा कायदा शंभराहून अधिक वर्षांनी. या विलंबाला कारणे अनेक होती. शास्त्र तयार नव्हते, व्यापारी बलवान होते. पण त्या कारणांत मी नावालाही धरतो. झाडाच्या नावातच जर उत्तर दिलेले असेल की ते कुठून आले, तर तो प्रश्न पुन्हा कोण विचारणार? काटा कॅनडातून आला, हे सगळ्यांना ठाऊक होते. म्हणून काटा आपल्याच गावच्या दुकानातून, आपणच मोजलेल्या पैशांनी घरी येतो आहे, हे दिसायला इतका वेळ लागला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. आणि इथे चोर शतकभर मोकळा फिरला.

थिसलचे हे सारे कूळ आपल्याला परके नाही. दख्खनच्या काळ्या रानातली करडई याच गोतातली. तिची कोवळी पाने आपण भाजी म्हणून खातो, आणि पीक पक्व झाले की तिचे काटे इतके कडक होतात की काढणीला भल्या पहाटे जावे लागते. दवाने काटे जरा नरमलेले असतात तेवढ्यात हातापायांना फडकी गुंडाळून ती कापायची. ज्वारीच्या शेताच्या कडेने करडईच्या ओळी टाकून ढोरांना आत येऊ न देण्याची रीतही जुनी. काटे नसलेले वाण फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने काढले, हा मराठी शेतीतला मोलाचा टप्पा आहे. माळावर निळसर-पांढरे गोल चेंडू मिरवणारी उंटकटारी ही याच कुळातली आणखी एक. आणि खुद्द कॅनडा थिसलही भारतात आहे. पंजाब-हरियाणाच्या गव्हात तो उगवतो. तिकडे त्याला कटेली म्हणतात. काट्याला काटा म्हटले, कोणावर आळ घेतला नाही.

आळ घेण्याचे काम आपण दुसऱ्या एका झाडाच्या बाबतीत केले, आणि ते पुण्यातून सुरू झाले.

१९५५ च्या सुमारास पुण्यात उकिरड्यांवर एक नवे झुडूप दिसले. पाने गाजराच्या पानांसारखी चिरलेली, फुले बारीक, पांढरी. १९५६ मध्ये मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात भारतासाठी नवी नोंद म्हणून त्याची माहिती छापून आली. मूळ मध्य अमेरिका आणि मेक्सिकोच्या आखाताभोवतालचा मुलूख, शास्त्रीय नाव पार्थेनियम. बघता बघता ते रेल्वेच्या रुळांकडेने, रस्त्यांच्या कडेने, पडीक जमिनींतून देशभर पसरले. लोकांनी त्याला नावे दिली: गाजर गवत, चटकचांदणी, पांढरी फुली. आणि सर्वांत जास्त गाजले ते नाव, काँग्रेस गवत. पांढऱ्या फुलांमुळे पांढऱ्या टोपीची आठवण झाली असे काहीजण सांगतात. बहुतेकजण सांगतात ते वेगळे: काँग्रेस सरकारने अमेरिकेकडून पीएल ४८० खाली मागवलेल्या मिलो-गव्हातून हे गवत आले.

ही दुसरी कथा साठ-सत्तर वर्षे आपण एकमेकांना सांगत आलो आहोत, भाषणांत, वर्गात, वर्तमानपत्रांत. तिला तारखांपुढे उभे केले तर काय होते? पीएल ४८० हा अमेरिकेचा कायदा १९५४ चा, आणि भारताचा त्याखालचा करार ऑगस्ट १९५६ चा. पुण्यातली रोपे त्याआधीची. त्याही पलीकडे, एकोणिसाव्या शतकात भारतात गोळा केलेले याच झाडाचे वाळवलेले नमुने वनस्पतिसंग्रहांत पुढे सापडले. म्हणजे हे झाड या देशात एकाहून अधिक वेळा आले असावे. पुण्याचा फैलाव आयात धान्यातून झाला असण्याचा संभव आहेच. १९५१ मध्ये अमेरिकेने कर्जाऊ दिलेला वीस लाख टन गहू त्याआधी बंदरांत उतरला होता. आयात धान्याकडे संशयाने बघणे योग्य होते. पण त्या संशयावर एका पक्षाचे नाव चिकटले, आणि तिथेच चौकशी संपली. धान्य कोणत्या बंदरात उतरले, त्याचा कोंडा-कचरा कुठे टाकला, पोती कुठे झाडली, त्या पोत्यांत पुढे कोणते बी भरले गेले, हे विचारायला हवे होते. आपण थट्टा केली. सरकारे बदलली, टोप्यांचे रंग बदलले, आणि गवत वाढत राहिले.

त्याची किंमत कोणी मोजली? शेतावर, रस्त्याच्या कामावर राबणाऱ्यांनी. या झाडाच्या पानांवरच्या आणि फुलांवरच्या बारीक केसांत पार्थेनिन नावाचे द्रव्य असते. त्याच्या धुळीने पापण्या सुजतात, मान आणि कोपराची आतली बाजू लाल होऊन खाजते, कातडी जाड आणि काळी पडते. एकदा हा त्रास सुरू झाला की दरवर्षी पावसाळ्याबरोबर परततो. पुण्यातल्या त्वचारोगतज्ज्ञांनी १९७० च्या दशकात अशा रुग्णांवर लिहिले, ते जगभर वाचले गेले. कर्नाटकाने १९७५ मध्ये या तणाला कायद्याने उपद्रवी ठरवले. १९८४ मध्ये मेक्सिकोतून आणलेला, पाने खाणारा भुंगा बंगळुरूत सोडण्यात आला. पावसाळ्यात गाजर गवताच्या झाडावर पिवळट पाठीवर काळ्या नागमोडी रेषा असलेला तो आजही महाराष्ट्रात ठिकठिकाणी दिसतो आणि आपले काम करतो. जबलपूरची तणविज्ञान संस्था दरवर्षी ऑगस्टमध्ये गाजर गवत जागृती सप्ताह पाळते. विद्यार्थी हातमोजे घालून गवत उपटतात. चांगलेच आहे. पण हा पुन्हा कोयत्याचा कायदा झाला, पोत्याचा नव्हे.

पोत्याची वाट अजून उघडीच आहे. २००६-०७ मध्ये आपण परदेशातून लाखो टन गहू आणला. त्या गव्हाबरोबर देशात पूर्वी नसलेली काही तणे आल्याचे आढळले आणि ती कुठे रुजली आहेत का, हे शोधण्यासाठी शास्त्रज्ञांना गावोगाव पाहणी करावी लागली. सुदैवाने प्रमाणित बियाण्याला आपल्याकडे कडक निकष आहेत. प्रमाणित गव्हाच्या एका किलोत सर्व मिळून वीसपेक्षा जास्त तणबिया चालत नाहीत, आणि हिरनखुरी किंवा गुल्ली डंडा यांसारख्या घातक तणांच्या पाचपेक्षा जास्त नाहीत. नोब्बे यांच्या प्रयोगशाळेपासून चालत आलेली ही शिस्त आहे. पण गाजर गवत आज बियाण्यातून कमी आणि इतर वाटांनी जास्त फिरते: रोपवाटिकेतल्या पिशवीच्या मातीतून, बांधकामावर येणाऱ्या मुरमाच्या ट्रकमधून, दुष्काळात छावणीला नेलेल्या चाऱ्यातून, नीट न कुजलेल्या शेणखतातून, एका तालुक्यातून दुसऱ्या तालुक्यात जाणाऱ्या मळणीयंत्रातून. पंजाबातली कापणीयंत्रे हंगामात आपल्या गव्हात उतरतात; तिकडच्या गव्हात कटेली आहे. या यंत्रांच्या पोटातला भुसा कोण झाडून बघतो?

हे करता येते, आणि याच झाडाच्या बाबतीत केले गेले आहे. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये पार्थेनियमची पहिली नोंद १९५५ ची, पुण्यासारखीच. १९६० मध्ये टेक्सासहून आणलेल्या कुरणाच्या गवताच्या बियाण्यातून ते क्लेरमाँट भागात पुन्हा आले आणि पशुपालनाच्या प्रदेशात फोफावले. तिथल्या लोकांनी त्याला टेक्सास गवत म्हटले नाही. त्यांनी बियाण्याचा माग काढला. पुढे त्या प्रदेशातल्या गावांजवळ वाहने धुण्याची केंद्रे उभारली गेली. तणग्रस्त भागातून निघालेली कापणीयंत्रे, मालमोटारी तिथे पाण्याच्या जोरदार फवाऱ्याखाली धुतल्या जातात. बी, चारा, माती किंवा यंत्र दुसऱ्याला देताना त्यात कोणते तण असू शकते हे लेखी कळवण्याचा छापील नमुना तिथे आहे. पार्थेनियम तिथून नाहीसे झालेले नाही, पण त्याच्या वाटांवर पहारा बसला आहे.

महाराष्ट्रात साखर कारखान्यांना ऊसतोडणी यंत्रे, ट्रॅक्टर, बैलगाड्या यांचा हिशेब ठेवता येतो. सार्वजनिक बांधकाम खात्याला मुरूम कोणत्या खाणीतून आला याची नोंद ठेवता येते. रोपवाटिकांना परवाना लागतो. या तिन्ही ठिकाणी तणबियांची एक ओळ वाढवायला नवा कायदाही लागणार नाही. कापणीयंत्राच्या मालकाने जिल्ह्यात शिरताना यंत्र झाडून-धुऊन घेतले आहे, एवढे बाजार समितीने विचारावे. रोपवाटिकेच्या परवान्यात पिशवीतल्या मातीची तपासणी घालावी. आणि पुढच्या वेळी परदेशातून धान्य आणायची घाई होईल, तेव्हा तणबियांच्या मर्यादेत सवलत मागणाऱ्या फाइलवर सही करणाऱ्या अधिकाऱ्यासमोर, पोत्यांचा झाडलेला कोंडा कुठे जाणार, हा प्रश्न लेखी असावा.